कागदाला ‘का’ विचारू नकोस

भीमपूर, जि. आदिलाबाद
पोळ्याची कर

चि. बाळीस,


तुझ्या ई-मेलची नक्कल तू व्हॉट्सॲपवर पाठवलीस ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली. विषय, ‘माहिती मिळणेबाबत’. खाली मजकूर, ‘आमच्या गावच्या मराठी शाळेची सर्व माहिती लवकरात लवकर द्यावी. तसेच मराठी शाळांकडे दुर्लक्ष का होते हेही कळवावे.’ दोन महिने झाले, उत्तर नाही. कॉलेजात प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली आणि तू सगळ्या सरकारावर रागावून बसलीस. फोनवर मी नुसतं ‘बघू’ म्हणालो, कारण फोनवर मला नीट सुचत नाही. काल बैलांचं सगळं आटोपलं, आज कर, कामाला कोणी हात लावत नाही. म्हणून निवांत लिहितोय.

आधी तुझा मेल ज्या कचेरीत गेला तिथल्या कारकुनाच्या खुर्चीत बसून बघ. समोर संगणक, डाव्या हाताला आवक रजिस्टर, दाराबाहेर बदलीचे अर्ज घेऊन उभे मास्तर. त्यानं तुझा मेल उघडला. ‘आमच्या गावच्या’, म्हणजे कोणत्या? समजा तू तामसीची असतीस आणि नुसतं ‘तामसी’ लिहिलं असतंस, तरी अडलंच असतं. तामसी (के) आपल्या भीमपूर मंडलात आणि तामसी (बी) हे शेजारच्या मंडलाचं ठाणं. ‘बी’ म्हणजे बुजुर्ग. पैनगंगेपलीकडे त्याचंच बुद्रुक झालं. ‘के’ म्हणजे खुर्द. कंसातलं एक अक्षर गाळलं की अर्ज दुसऱ्याच गावच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो, आणि तिथून तो परत आलेला मी तरी पाहिला नाही.

बरं, गाव कळलं असं धर. ‘सर्व माहिती’ म्हणजे काय? पटावरची मुलं, मास्तरांच्या जागा, खोल्या, संडास, मध्यान्ह भोजनाचे तांदूळ? सर्व मागणाऱ्याला काय द्यावं हे कोणालाच कळत नाही. आणि मग तुझा तो ‘का’. त्याचं उत्तर त्या कारकुनाच्या कपाटात नाही. मनात असेल, पण मनातलं तो सही-शिक्क्यानिशी कशाला देईल?

तुला हसत नाही. मी यापेक्षा वाईट पत्र लिहिलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वडिलांच्या पट्ट्यात एका सर्व्हे नंबराचं क्षेत्र चुकीचं चढलं होतं. मी नवा मास्तर, भाषेचा अभिमान मोठा. चार पानी पत्र लिहिलं. आजोबांनी रान कसं मोडून काढलं, भावकीत वाटणी कशी झाली, कोणी कोणाला काय शब्द दिला, सगळं आलं. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, मजकूर स्पष्ट होत नाही. कचेरीचं नाव सांगत नाही. खरं तर चूक तिची नव्हतीच. 1984 साली एन. टी. रामारावांच्या सरकारनं पटेल-पटवाऱ्यांची वतनं काढली, तेव्हा घरी बसलेला एक म्हातारा पटवारी आमच्या ओळखीचा होता. त्याला ते पत्र दाखवलं. तो म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही गोष्ट लिहिली. नक्कल मागा.’ मग चार ओळी लिहिल्या. अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, 1954-55 ची खासरा पहाणी, तिची प्रमाणित नक्कल मिळावी. तीन आठवड्यांत कागद हातात. चूक कुठल्या साली शिरली ते त्यातच दिसलं. (नदीपलीकडे सातबारा, अलीकडे पहाणी. पहाणी हा शब्द आपल्याच पाहणीचा भाऊ दिसतो, पण इथं तो असा मुरलाय की तेलुगू शेतकरीही तो घरचाच मानतो.)

त्या म्हाताऱ्यानं जे शिकवलं त्यावर माझी पुढची सगळी वर्षं निभावली. कागदाला काय, किती, कधी, कोणाच्या सहीनं एवढंच विचारायचं. ‘का’ विचारायचं ते माणसाला. आणि याचं उलटंही तितकंच खरं आहे, ते पुढे सांगतो.

माहिती अधिकाराचा कायदाही याच वाटेनं जातो. तो 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. त्यात ‘माहिती’ म्हणजे कचेरीजवळ कोणत्या तरी रूपात असलेली नोंद. नसलेली माहिती तयार करून देणं किंवा आपलं मत सांगणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2011 साली स्पष्ट केलं. म्हणून ‘मराठी शिक्षकांची पदं का भरत नाही?’ असं विचारलंस तर हात हलवत परत येशील. ‘भीमपूर मंडलातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत अमुक तारखेला मंजूर पदं किती, भरलेली किती, शाळावार तक्ता द्यावा’ असं विचार. तो तक्ता हाती आला की तुझ्या ‘का’चं अर्धं उत्तर त्यातच सापडेल, आणि ते तुझं तुला सापडलेलं असेल. मुदत 30 दिवसांची. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. कारण सांगावं लागत नाही. फी आपल्याकडे आंध्र काळापासूनच्या नियमांप्रमाणे गावपातळीवर काही नाही, मंडलात 5 रुपये, त्याच्या वर 10. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, हे कलम सहामध्येच आहे. आपल्या कोलामगुड्यांवर हे कोणी सांगितलंय का, देव जाणे.

पण शाळेसाठी पहिल्याच दिवशी आरटीआय टाकू नकोस. शेजाऱ्याला एकदम वकिलाची नोटीस पाठवल्यासारखं होतं ते. मुख्याध्यापक गावातच असतात. त्यांच्याकडे जाऊन बसता येतं.

आता भाषेचं. इथं तू माझ्याशी भांडणार हे मला ठाऊक आहे. तू मेल मराठीत लिहिलास, आणि उत्तर येत नाही ते मराठीत लिहिल्यामुळे, असं तुला वाटतं. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं मांडायचं असेल तर संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. या जिल्ह्यात मराठी वापरात आहे हे सांगायला गॅझेट नको, आठवडी बाजारात उभं राहिलं तरी पुरे. म्हणजे गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क तुझा आहेच. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, असं कायदा म्हणतो; आणि तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. गाऱ्हाण्याला एक नियम, विचारणेला दुसरा. हा फरक आपल्या चांगल्या चांगल्या पुढाऱ्यांना माहीत नसतो.

मी काय करतो? वर चार ओळी तेलुगूत, खाली त्याच चार ओळी मराठीत. आमच्यातले काही जण याला शरणागती म्हणतात. मला तसं वाटत नाही. वरच्या ओळी वाचणाऱ्यासाठी, खालच्या माझ्या सहीसाठी. सही करतो त्या मजकुराचा शब्द न् शब्द मला कळलेला असतो. आमच्या आजोबांना ही चैन नव्हती. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. ते कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देत, तो उजवीकडून डावीकडे झरझर लिही, आणि आजोबा खाली अंगठा उठवत. आपण काय मागितलं हे त्यांना अर्जनवीस सांगेल तेवढंच कळे. त्यातला एक अर्ज अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्याच्यावर शेवटी येतो.

भाषेवरून आठवलं. ‘मीसेवा’ केंद्राची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, वा, मी सेवा करतो म्हणतायत! तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमची. आपल्या दोन भाषांत मी आणि तुम्ही असे एकमेकांच्या जागेवर जाऊन बसलेत.

तुझा खरा प्रश्न एकच आहे ना, की शाळा कधी सुरू झाली? मग तेवढाच विचार, आणि विचारायच्या आधी उत्तर कोणत्या कपाटात असेल ते शोध. सगळ्यात जवळचं कपाट शाळेतच. दाखल-खारीज रजिस्टर. त्याचं पहिलं पान, पहिलं नाव, त्यापुढची तारीख. मुख्याध्यापकांना ‘माहिती द्या’ म्हणू नकोस. ‘सर, सर्वांत जुन्या रजिस्टराचं पहिलं पान बघू द्याल का?’ म्हण. मोबाईलवर यू-डायसच्या नोंदीतही स्थापनेचं साल असतं. ते बघ, पण त्यावर फार विसंबू नकोस. कोणी तरी कधी तरी अंदाजानं भरलेलं असू शकतं.

जुनं रजिस्टर शाळेत नसेल तर कचेऱ्यांचा इतिहास माहीत पाहिजे. भीमपूर मंडल झालं 11 ऑक्टोबर 2016 ला, जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्याच दिवशी. त्याआधी आपण तामसी मंडलात. मंडलं आली 1985 साली, त्याआधी तालुका. त्याही मागे, 1956 साली आपण हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात आलो. किनवट तेव्हा नांदेडला गेलं, राजुराही आधी नांदेडला आणि 1959 साली चंद्रपूरला. म्हणजे गाव जागचं हललं नाही आणि त्याचे कागद मात्र या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. भीमपूरला जाऊन 1980 ची मिसल मागशील तर तो तरणा क्लार्क तुझ्याकडे बघत राहील. तेव्हा ही कचेरीच नव्हती. निजामाच्या काळातलं काही हवं असेल तर हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार.

आणि एक गंमत ध्यानात ठेव. जुन्या रजिस्टरात सन 1355 लिहिलेलं सापडलं तर शिवाजी महाराजांच्या आधीची शाळा म्हणून नाचू नकोस. तो फसली सन. त्यात 590 मिळव, इसवी सन येईल. साल ऑक्टोबराच्या सुरुवातीला सुरू होई म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. या एका हिशेबावाचून किती जणांच्या जन्मतारखा चुकल्या असतील.

आता माणसांचं. कागद सापडले नाहीत तर, किंवा सापडले तरीही, तुला म्हाताऱ्यांकडे जावंच लागेल. मुलाखत म्हणतात त्याला. इथं मी एकदा सपशेल फसलोय.

नदीकाठच्या एका गावात नव्वदीच्या एका आजोबांकडे गेलो होतो. टेपरेकॉर्डर नवा. विचारलं, ‘शाळा कोणत्या साली सुरू झाली?’ म्हणाले, ‘झाली असंल पन्नास साली.’ मी लिहून घेतलं. विहीर कधी खोदली? पन्नास साली. देऊळ? पन्नास साली. पुढचे सगळे प्रश्न मी असेच विचारले आणि आजोबांनी माझं मन राखायला सगळ्यांची उत्तरं दिली. टेप बंद केल्यावर आतून आजी बोलल्या, ‘शाळा कुठली? पाटलाच्या पडवीत पोरं बसत. मास्तर नदीपल्याडून यायचा. पूर आला का सुट्टी. त्या साली आमची थोरली पाळण्यात होती, तिच्या रडण्यानं मास्तर वैतागे.’ थोरली म्हणजे कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक. ती पोलीस ॲक्शनच्या पुढच्या पावसाळ्यात जन्मलेली. पोलीस ॲक्शन सप्टेंबर 1948. म्हणजे साल निघालं, 1949-50. आजोबांचं पन्नास बरोबरच होतं म्हण, पण ते टेपवर ‘असंल’ होतं आणि आजींचं पुराव्यासकट होतं, आणि नेमका तेव्हा टेप बंद होता.

म्हणून मघाशी म्हणालो, उलटंही खरं. कागदाला ‘का’ विचारू नये, तसं माणसाला ‘कितव्या साली’ विचारू नये. पहिला मास्तर कुठून यायचा, कुठं जेवायचा, पाटीवर पहिलं अक्षर कोणतं काढलं, कोणाच्या पोरींना घरीच ठेवलं आणि का ठेवलं, हे विचार. साल आपण मागून काढायचं. रझाकारी, आंध्र झालं ते वर्ष, बहात्तरचा दुष्काळ, या खुंट्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट आहेत. त्या खुंट्यांना आठवणी टांगून बघ.

या कामातला आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा धडा 1940 नंतरचा आहे. जोडेघाटला कुमरम भीमचं बंड निजामाच्या पोलिसांनी गोळ्या घालून मोडलं. पुढे सरकारला प्रश्न पडला, गोंड उठले का? दप्तरात त्याचं उत्तर नव्हतं, कारण दप्तराच्या लेखी जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्याच होत्या. तेव्हा हैदराबादेत क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ होता. महायुद्धामुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि त्याला निजामाच्या हद्दीतच राहणं भाग होतं. त्याच्याकडे हे काम आलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मारलवाईत झोपडीत राहिले, गोंडी शिकले, माणसांशी बोलत राहिले. जंगल राखीव झालं, पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या जमिनीचा पट्टा गोंडांकडे नव्हता, आणि ज्यांना कागद करून घेता येत होता ते बाहेरचे लोक मालक झाले, ही कारणं त्यानं लिहून सरकारपुढे ठेवली. मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं, आणि पहिली गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली, कारण इथं शिकलेला माणूस म्हणजे मराठी शिकलेला असं होतं. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकारी येऊन गाऱ्हाणी ऐकतात तो दरबारही त्याच दशकातला. गाऱ्हाणं कचेरीत येत नाही म्हणून कचेरीनं जत्रेत जायचं, ही कल्पना मला अजून आवडते. आता तिथं भाषणं जास्त होतात ती गोष्ट वेगळी.

त्याच काळातला आपला माणूस म्हणजे सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, 1910 चा जन्म, हैदराबाद सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. पण आदिलाबादेत आदिवासींच्या कामावर असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. अधिकाऱ्यानं दुभाषा बोलावला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पुढे महाराष्ट्र सरकारच्या गॅझेटिअरांचं संपादन त्यांच्याकडे आलं. म्हणजे कागदाला विचारायचंही ते शिकले होते.

आणि ज्याला कोणी विचारलंच नाही त्याचं काय होतं तेही ऐक. ग्रिअर्सननं हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. 1894 साली काम सुरू झालं ते 1928 पर्यंत चाललं. पद्धत सगळी पत्रांची. जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आणि 241 शब्द-वाक्यांची यादी पाठवायची, आणि ती तिथल्या बोलीत करून मागवायची. विचारणा कशी असावी याचा तो नमुनाच आहे. सगळ्यांना एकच गोष्ट, एकच यादी, म्हणून उत्तरं शेजारी-शेजारी ठेवता आली. पण मद्रास, म्हैसूर आणि हैदराबाद या पाहणीच्या बाहेर राहिले. नदीपलीकडच्या यवतमाळात ती यादी पोचली, अलीकडे नाही. आमच्या पणजीची बोली त्यामुळे त्या खंडांत नाही.

मेलबद्दल फार सांगत नाही, ते तुला जास्त कळतं. विषयाच्या ओळीत गाव (कंसातल्या अक्षरासकट), शाळा आणि मागणी, तिन्ही घाल. मराठी युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या फाँटात पाठवलेलं पत्र पलीकडे चिन्हांचा चिवडा होऊन उघडतं. ‘लवकरात लवकर’ काढ, तारीख घाल. दहा जणांना एकदम पाठवू नकोस, प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल. पंधरा दिवस वाट बघून त्याच मेलखाली आठवण दे. तरीही काही नाही, तर छापील प्रत घेऊन सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणीला जा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. टपालानं पाठवायचं तर रजिस्टर पोस्ट 2025 पासून स्पीड पोस्टात मिळवलंय. पोचपावती मात्र मागून घे. हायमेनडॉर्फनं काढलेले फोटो आणि त्याच्या डायऱ्या लंडनला सोआसमध्ये आहेत. तिथं एक मेल टाकून बघ. मला वाटतं तिथलं उत्तर तुला आपल्या मंडलाच्या आधी येईल. यात लाज कोणाची ते तूच ठरव.

आता माझी विचारणा. सोबत आजोबांच्या अर्जाची झेरॉक्स जोडली आहे. एक पान, उर्दू शिकस्ता अक्षर, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, वर सन 1353 फसली, म्हणजे 1943-44. आदिलाबादेत तुझ्या कॉलेजात उर्दू शिकवणारे कोणी सर असतील. त्यांना सवड असेल तेव्हा विचारावं, अर्ज कोणाला लिहिला आहे आणि त्यात काय मागितलं आहे. दोनच गोष्टी. दिवाळीपर्यंत कळलं तर बरं. मूळ कागद पेटीतच ठेवलाय, पाहायचा असेल तर ये. आजी तुझ्यासाठी करंज्या ठेवणार आहे, त्याची पोच ती वेगळी घेईल.

तुझे,
आबा